घर माझ्या नावावर होतं

त्या रविवारी खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या गाड्यांच्या जागेत, सोसायटीची वार्षिक सभा होती आणि समोरच्या घरात भाड्यानं राहणारी मुलगी दिल्लीच्या द्वारकेत राहणार की नाही, हे तिथं ठरणार होतं.

मुलगी नांदेडकडची. आयएएसची तयारी करणारी, बारीक चणीची, बोलायला लागली की न थांबणारी. समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हाताऱ्या पंजाबी आंटी एकट्याच राहत. मुलगा परदेशी, घर मुलाच्या नावावर. सोबत होईल म्हणून त्यांनी एक खोली हिला दिली होती. मेट्रो नुकतीच द्वारकेपर्यंत आली होती, त्यामुळे क्लास आणि लायब्ररी करून ती जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायची. यायची म्हणजे जीन्स घालून, पाठीवर सॅक टाकून, मोबाइलवर आईशी मोठ्यानं बोलत. एवढं पुरलं. आधी वॉचमननं ती किती वाजता येते हे सांगायला सुरुवात केली, मग व्यायाम करायला खाली जमणाऱ्या काकालोकांनी. शेवटी ठराव आला की एकट्या मुलींना भाड्यानं जागा देऊ नये. एकट्या मुलांबद्दल ठरावात अक्षर नव्हतं.

आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. एरवी डब्यातला चिवडा न विचारता खाणारी पोर, त्या दिवशी हात बांधून उभी.

"ताई, रूम गेली तर बाबा परत बोलावणारेत. स्थळ बघूनच ठेवलंय त्यांनी. पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय हो."

"काही होत नाही," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण माझाच जीव टांगणीला लागला होता. गुडगावच्या ऑफिसात एवढे पुरुष माझ्या हाताखाली काम करत, अमेरिकेतल्या साहेबाला मी फोनवर ठणकावून नाही म्हणत असे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर बोलायचं म्हटलं की माझे तळवे ओले होत. मी अशी का होते, याचा मला भयंकर राग येई.

त्यात गंमत अशी, की घर माझ्या नावावर होतं. आमचंच नव्हे, सोसायटीतल्या बऱ्याच घरांचं तसंच. दिल्लीत बाईच्या नावावर घर घेतलं की सरकार मुद्रांक शुल्कात सूट देतं. मग काय, बायकांना घरी बसल्या घरं मिळाली. सही केली, फोटो काढला, पेढे वाटले आणि दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी लागली. आमच्याही लागली. सभेला दरवर्षी नवरेच जात. मीही कधी गेले नव्हते, रविवारी इडल्यांचं पीठ तयार असायचं.

त्या दिवशी मात्र गेले. थंडी मी म्हणत होती, टेंटवाल्याच्या खुर्च्या गारठलेल्या. सगळे पुरुष शाली लपेटून बसलेले आणि मागच्या रांगेत मी आणि पंजाबी आंटी. नवरा माझ्या शेजारी. तो मनानं चांगला आहे, पण चारचौघांत वाद झाला की त्याला अचानक बुटाची नाडी सुटलेली दिसते.

त्या वर्षी कमिटीची निवडणूकही असल्यामुळे सरकारी कचेरीतून एक अधिकारी आले होते. त्यांनी चष्मा लावून सभासदांची नावं बघितली आणि समोर बसलेल्या गर्दीकडे पाहिलं.

"मेंबर कहाँ हैं?"

"जी, हम ही हैं," सेक्रेटरी म्हणाले.

"आप नहीं हैं। आपकी मिसेज़ हैं। ज़्यादातर मेंबर तो लेडीज़ हैं। वोट मेंबर ही देगा, उनको बुलाइए।"

एकेक नवरा उठला आणि लिफ्टकडे निघाला. इतके गोरेमोरे झालेले पुरुष मी एकदम कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळानं बायका यायला लागल्या. कोणाच्या हाताला कणीक, कोणाचे केस ओले, कोणी गॅस बंद केला की नाही या चिंतेत. "हुआ क्या?" म्हणून एकमेकींना विचारत त्या खुर्च्यांवर बसल्या आणि नवरे त्यांच्या मागे उभे राहिले.

मला एकदम आशा वाटायला लागली. बायका मत देणार! यातल्या निम्म्याजणी नोकरी करणाऱ्या होत्या. वरच्या मजल्यावरची एक तर शाळेत उपमुख्याध्यापिका होती, मुलींना वक्तृत्वाच्या स्पर्धेला घेऊन जायची. या मुलीला तिनंच आपली जुनी टेबलखुर्ची दिली होती. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मी उभी राहिले. म्हटलं, ही मुलगी शिकायला आली आहे, तिच्यामुळे कोणाला कसला त्रास झालाय ते सांगा. सेक्रेटरींनी ठरावाचा कागद पुढे ओढला. आंटी बोलायला उठल्या तर सेक्रेटरी म्हणाले, "आप बैठिए माताजी, फ़्लैट आपके नाम नहीं है।" त्या बसल्या. नवऱ्यानं माझा पदर हळूच ओढला. "बास आता. आपल्याला इथंच राहायचंय."

"जो पक्ष में हैं, हाथ उठाएँ।" अधिकारी म्हणाले.

बायकांनी आधी मागे वळून बघितलं. जवळजवळ प्रत्येकीनं. आणि मग हात वर गेले. कणकेचे हात, बांगड्यांचे हात, उपमुख्याध्यापिकेचाही. तिचा हात खांद्याच्या वर गेला नाही, पण गेला. विरोधात मी आणि आणखी दोघीतिघी. बाहेर पडताना उपमुख्याध्यापिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर में रोज़ का झगड़ा कौन करे, यार।" मला तिची चीड आली आणि तिचं म्हणणं कळलंसुद्धा.

आंटींना महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं गेलं. मुलगी रडली नाही. नुसती विचारत राहिली, "आता बाबांना काय सांगू?" ते ऐकवेना. नियम भाडेकरूंसाठी होता, नातेवाइकांसाठी नव्हता. मी ठरवलं, हिला आमच्या घरात आणायचं. माझ्या बहिणीची मुलगी म्हणून. नवरा "अगं पण" म्हणाला, तेवढंच.

"मम्मा, भाची म्हणजे?" आमच्या लेकीनं विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, तिला भाँजी म्हटल्यावर कळलं. मग दोघींनी दिवसभर सराव केला. मोठी मला "मावशी" म्हणे आणि धाकटी तिला मार्क देई. त्या हसत होत्या. मी मात्र दाराची बेल वाजली की दोघींना आत पिटाळत होते.

संध्याकाळी तिची सामानाची पेटी आमच्या हॉलमध्ये आली आणि पाठोपाठ सेक्रेटरी दारात.

"मैडम, ये सामान?"

"मेरी भाँजी है। अब हमारे साथ रहेगी।" हे वाक्य मी मनात घोकलं होतं.

"आपकी? मतलब मायके से?" त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "देखिए, बाद में कंप्लेंट आएगी। भाई साहब घर पर हैं क्या? उनसे बात करा दीजिए।"

"फ़्लैट मेरे नाम है," मी म्हटलं.

"वो तो ठीक है, मैडम," ते समजूत घातल्यासारखं हसले. "भाई साहब को बुलाइए।"

बोलवावं लागलं नाही. नवरा बाहेर आला. आता याची नाडी सुटणार, असं मला वाटलं. पण तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मेरी भाँजी है। मेरी बहन की बेटी।"

"अरे, तो पहले बताना था ना, भाई साहब!" सेक्रेटरींनी दोन्ही हात जोडले. मुलीकडे बघून "बेटा, मन लगाकर पढ़ो" असंही म्हणाले आणि गेले.

दार लागलं. नवरा माझ्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघावी तसा. आणि त्याला ती द्यायलाच हवी होती, त्यानं धीर दाखवला होता. मलाही सुटल्यासारखं झालं होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मुलगी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती हुशार. दिवसभराचा सराव तिनं तिथल्या तिथं टाकून दिला, पेटीची कडी धरली आणि मला विचारलं,

"मामी, ही कुठं ठेवू?"