माझ्यासमक्ष आले

कागद काळा झाला तो परभणीच्या लॅमिनेशनच्या दुकानात, तरी दोष मी अजून सरकारलाच देते.

गावोगावी पिवळ्या पाटीचे फोनबूथ निघाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. रेडिओवर सारखं सांगायचे, बाजार खुला झाला, आता जगाशी व्यापार करा. मी ते मनावर घेतलं. पालममध्ये मी मूग-तिळाची किरकोळ खरेदी करायचे. बाईमाणूस म्हणून काट्यात मारायला बघणाऱ्यांशी भांडतच उभी राहिलेली. मुंबईच्या एका दलालाकडून कळलं, जर्मनीतला एक चहावाला चहात मिसळायला करडईच्या वाळल्या पाकळ्या घेतो. आमच्याकडं त्या वाऱ्यावर उडून जात. मी बौद्धवाड्यातल्या भावजया, शेजारणी गोळा केल्या. हाताला फडकी गुंडाळून त्यांनी काट्यांतून पाकळ्या वेचल्या. शेतमालक हसायचे. "फुलं इकायलीस? उद्या वारं इकशील."

पोती भरून झाली आणि चहावाल्याची मागणी फॅक्सनं आली. पालमला यंत्र नव्हतं, म्हणून परभणीच्या बूथवर मागवली होती. खाली त्याची लांबलचक सही. मालात कीड नाही असा सरकारी दाखला तेवढा बाकी होता. तो मिळेपर्यंत पोती बोटीवर चढणार नव्हती, आणि बोट चुकली तर चहावाला चीनचा माल घेणार होता.

परभणीच्या कचेरीत दाखला देणारे साहेब निवृत्तीला आलेले. दाखल्याला मागणीचा कागद जोडावा लागे, तो त्यांनी उलटापालटा केला.

"बाई, ही नक्कल झाली. अस्सल आणा."

"साहेब, आलंय ते हेच."

"यंत्रातून आलं. शाई कुठंय?"

"सही दिसायली की."

"सहीचा फोटो दिसतोय. अस्सल टपालानं मागवा."

"टपाल येईस्तोवर बोट जाईल."

"मी काय बोट थांबवू?"

मग मी जे बोलले ते सगळ्या कचेरीनं ऐकलं. फोनला परवानगी सरकारची, यंत्राला सरकारची, आणि त्यातून आलेलं सरकारच मानत नसेल, तर ती यंत्रं काय आमी पुजायला बसवली? साहेबांनी पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला. तो मी प्याले नाही.

याच्या वरच्या साहेबाला दाखवते, असं ठरवून बाहेर पडले. फॅक्सची अक्षरं फिकी पडतात हे ऐकून होते. जवळच पोरांच्या मार्कशीट आणि जातीचे दाखले लॅमिनेशन करणारं दुकान होतं. म्हटलं, कागद एकदाचा पक्का करून घ्यावा. यंत्रातून निघाला तो तव्यासारखा काळा. दुकानदार त्या कागदाकडं बघत राहिला, मी दुकानदाराकडं.

तशीच कचेरीसमोरच्या त्या फॅक्सच्या बूथवर गेले. बूथवाला पायानं अधू होता. त्याला सरकारी योजनेतूनच बूथ मिळालेला. काळा कागद बघून तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

"ताई, हा कागद गरम झाला की काळा पडतो. अक्षरं बी त्याच्यावर तशीच उठतेत. पुन्हा मागवा की."

"मागवून काय करू? तो फोटोच म्हणणार."

आणि हे बोलता बोलताच मला सुचलं. दलालाला फोन लावला, चहावाल्याला आत्ताच सही करून नवा फॅक्स धाडायला सांग म्हणाले, आणि पुन्हा कचेरीत गेले.

"साहेब, तुमच्यासमोर सही केली तर मानता?"

"समोर केली तर मानावीच लागेल. जर्मनीचा माणूस परभणीला येणार आहे का?"

"सही येणार हाय. तुमी रस्ता तेवढा वलांडा."

"आणि नाही आली तर?"

"तर पुन्हा या कचेरीत पाय ठेवणार न्हाई."

हा सौदा त्यांना पटला असावा. ते उठले.

बूथच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मी चहा सांगायला लागले तर म्हणाले, "चहा नको, उद्या कुणी तक्रार करेल." तेव्हा कळलं, माणूस आडमुठा नव्हता, भ्यालेला होता. नोकरीच्या शेवटी चुकीच्या कागदावर सही नको, एवढंच त्याला पाहिजे होतं. मला पोती जायला पाहिजे होती. कचेरी बंद व्हायची वेळ होत आली तसे ते घड्याळ बघायला लागले, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळायला लागले.

यंत्रानं शिट्टी दिली. कागद इंचाइंचानं पुढं सरकला. मजकूर आला, मालाचं वजन आलं, मग सही. हात नाही, पेन नाही, आणि सही मात्र येत होती. साहेब चष्मा काढून अगदी वाकले.

"आत्ता तो तिकडं बसलेला आहे?"

"बसलाय की. तुमच्यासारखाच खुर्चीवर."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागदाच्या कडेला लिहिलं, "माझ्यासमक्ष आले", आणि खाली सही केली. कचेरीत जाऊन झेरॉक्स फाइलला लावली, कागद मला परत दिला, आणि पोती तपासायला दुसऱ्या दिवशी स्वतः पालमला आले. त्या दिवशी चहा घेतला.

पोती बोटीवर चढली. पुढच्या हंगामात बायका मला न विचारताच फडकी घेऊन दारात हजर.

बऱ्याच वर्षांनी सरकारनं कायदा केला, यंत्रातून आलेलं खरं मानायचं. पेपरात वाचून सगळ्यांना कौतुक, मला राग. यंत्रं आधी वाटली आणि मानायचं नंतर ठरवलं. मधल्या काळात ज्यांना रस्ता ओलांडणारा साहेब भेटला नाही, त्यांच्या मालाचं काय झालं असेल?

परवा ट्रंकेत तो कागद सापडला. मजकूर, वजन, चहावाल्याची सही, सगळं उडून गेलंय. कोऱ्या कागदाच्या कडेला साहेबांची निळी शाई तेवढी जशीच्या तशी आहे. यावरून कचेरीचं बरोबर होतं असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार.