फुकटाला भिणारे आतोबा

जगात भिण्यासारखं जे जे आहे, ते सगळं आमच्या आतोबांचं भिऊन झालेलं आहे. हल्ली ते जे नाही त्याला भितात. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहतात कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टने जात नाहीत, कारण ती अडकते. आणि जिन्याचा कठडा धरत नाहीत, कारण त्यात करंट उतरला असेल तर? बाहेर पडताना कुलूप ओढून बघतात, खाली येतात, आणि गॅसचा कॉक बंद केला का म्हणून पुन्हा वर जातात. एका लग्नाला निघालेले आम्ही सगळे त्या कॉकपायी स्वारगेटवरून परत फिरलो होतो. कॉक बंदच होता. "बंद होता म्हणून वाचलो," असं वर आम्हालाच ऐकवलं.

पण सगळ्यांत मोठी भीती फुकटाची. भाजीवालीने कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकल्या, तर हे पिशवी मागे ओढतात. "फुकट कोण देतं रे? आणि तेही पुण्यात?"

अशा माणसावर मेलसाठी फुकटचा प्रोग्राम निवडायची पाळी आली. त्यांचा जुना कॉम्प्युटर घरघरत मध्येच बंद पडू लागला होता, आणि त्यातला मेलचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. मी हिंजवडीत नोकरीला, तेव्हा हे काम माझंच, असं नातलगांनी परस्पर ठरवून टाकलेलं. "प्रोग्राम हवाय कशाला? इंटरनेटवर थेट उघडा की मेल," मी म्हणालो. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "तिथे काही नाहीये रे."

परक्याच्या कपाटात आपली पत्रं नकोत, या भीतीने त्यांनी पहिल्यापासून अशी सोय केली होती, की मेल घरच्या कॉम्प्युटरवर उतरली की तिकडची पुसली जावी. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेलेली आत्या रोज एक मेल धाडायची. त्या साऱ्या आता फक्त या घरघरणाऱ्या डब्यात. आत्या गेली, मेल तेवढ्या राहिल्यात. हे ऐकून मलाही घाम फुटला.

तरी घाई म्हणून नाही! लेकीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी. पहिल्या प्रोग्रामने फोन नंबर विचारला, तो उंबऱ्यावरूनच परत गेला. दुसरा कडेला जाहिराती दाखवायचा. "तिचं पत्र वाचताना हा शेजारी बसून गुडघ्याचं तेल विकणार?" तिसरा प्रोग्राम स्वयंसेवक चालवतात म्हटल्यावर मात्र आतोबा पुढे सरकले.

"म्हणजे गणपती मंडळासारखं? वर्गणी?"

"ऐच्छिक."

"आपसात भांडतात का?"

"कडाडून."

"मग टिकेल. भांडणं थांबली की मंडळ संपलं."

रविवारी सकाळी आम्ही बसलो. आधी पेनड्राइव्हवर नक्कल घेतली. त्यातले व्हायरस मरावेत म्हणून आतोबांनी तो बाल्कनीत ऊन दाखवून आणला होता. जुना डबा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. आतोबा देवापुढे दिवा लावायला उठले आणि आगीच्या भीतीने परत बसले. एरवी मी हसलो असतो, पण मीच नक्कल नीट उतरली का ते तिसऱ्यांदा बघत होतो. आत्याचं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं तर या माणसाला तोंड कसं दाखवू?

मग नव्या प्रोग्रामात आत्याचं नाव एकाखाली एक उमटू लागलं. मी हुश्श केलं, तोच आतोबा ओरडले, "अरे, अक्षरं अशी जाड का झाली? बिघडलं ना? सांगत होतो मी!"

"बिघडलं नाही हो. या प्रोग्रामला काय ठाऊक तुम्ही वाचल्यात ते? त्याच्या लेखी सगळ्या न वाचलेल्या, म्हणून जाड. थांबा, एका क्लिकमध्ये नीट करतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. न वाचलेल्याच राहू देत."

चष्मा पुसून त्यांनी सगळ्यांत जुनी मेल उघडली. मी मान वळवली, पण तोवर वाचून झालं होतं. "अहो, सुखरूप पोचले. थंडी फार आहे. झोपण्याआधी गॅसचा कॉक बघत जा. तुम्ही विसराल."

आतोबा उठले, स्वयंपाकघरात जाऊन आले आणि स्क्रीनसमोर उभे राहिले.

"बंद आहे गं," ते म्हणाले.