फुलाबाईचं पातळ लोशन

भैयाजींनी बाटली तिरपी केली. लोशन टेबलाच्या काचेवरून ओघळत थेट त्यांच्या चष्म्याच्या डबीपर्यंत गेलं.

"हे तर वाहते रे," ते म्हणाले. "क्रीम कसं जागेवर बसलं पाहिजे. वाहणारी चीज कोण विकत घेईल?"

मी म्हटलं, वाहावं म्हणूनच कारखान्यातल्या केमिस्टच्या मागे लागून बनवून घेतलंय.

भैयाजी म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी नागपूरची, लहानशी. स्नो, पावडर, कोल्ड क्रीम, केसांचं तेल एवढाच माल. नाव सांगत नाही. कंपनी केव्हाच बंद पडली, आणि मेल्यामागे कोणाची उणीदुणी काढू नयेत. मी तिचा सेल्समन. वर्धा जिल्हा माझ्याकडे होता, बिऱ्हाडही वर्ध्यातच. एसटीच्या टपावर मालाची पेटी टाकायची आणि गावोगावच्या जनरल स्टोअरवाल्यांची डोकी खायची, हे माझं काम. गोष्ट ऐंशी सालाच्या आगेमागची असेल.

आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कोरडा. घाम आला की वाळून जातो. खरा छळ पाऊस सुरू झाल्यावर. वर ढग, खाली ओल आणि वारा बंद. कूलर लावला तर आणखी चिकचिक. या दिवसांत माझ्या पेटीत काय असायचं, तर कोल्ड क्रीम! कोल्ड क्रीममध्ये तेल आणि मेण जास्त. थंडीत उललेल्या चामडीला ते बरं. पावसाळ्यात तेच थापलं की घामाची छिद्रं बुजतात आणि घामोळ्या उठतात. मग बाई म्हणते, क्रीम कमी पडलं, आणि वर आणखी थापते. हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि मुकाट्यानं विकत होतो, कारण पेटीत दुसरं काही नव्हतं.

लोशनमध्ये उलट हिशोब. पाणी जास्त, तेल नावाला, आणि खाज शमवणारं थोडं औषध. लावलं की मुरतं, चिकटत नाही. आमच्या हवेला हेच पाहिजे होतं.

भैयाजी अखेर तयार झाले, पण मारवाड्याला लाजवील अशा काटकसरीनं. बाटल्या नाहीत, लेबलं नाहीत. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये माल घे आणि एका बाजारात सुटा विकून दाखव. पोळ्यापर्यंत खपला तर बाटल्यांचं पाहू. दुकानदारांनी सुट्या मालाला हात लावला नाही. त्यांचंही बरोबर होतं. बिनालेबलाच्या मालाची जबाबदारी कोण घेणार?

तेव्हा मला फुलाबाई आठवली.

फुलाबाई पिपरी मेघेची. घरचं थोडं भाजीचं वावर होतं. मेथी, पालक, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) घेऊन ती रोज वर्ध्याच्या बाजारात बसायची. बाकीच्या भाजीवाल्या दर घटकेला पालेभाजीवर पाणी मारत. भाजी टवटवीत दिसते आणि वजनातही भरते. फुलाबाई मारत नसे. दुपारपर्यंत तिच्या सांबारानं मान टाकलेली असायची, तरी बायका रांगेनं तिच्याचकडे. माझी बायको तर दुसरीकडची मेथी घरात घेत नसे. "फुलाबाईनं दिलं म्हणजे पाहायचं काम नाई," असं सगळा बाजार म्हणायचा. एवढं नाव मी पुढे मोठमोठ्या कंपन्यांचंही पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात तिची मान घामोळ्यांनी लाल झाली होती. पाटी डोक्यावर, पदर ओला, त्यात कोणीतरी दिलेलं कोल्ड क्रीम चोळलेलं. मी तिला लोशनची शिशी दिली आणि म्हटलं, क्रीम बंद कर, हे लाव, बरं वाटलं तरच मला सांग. पुढच्या आठवड्यात गेलो तर तिनं पदर सारून मान दाखवली.

"भाऊ, झोप लागून राह्यली आता," ती म्हणाली. "आना तुमचा डबा. मी सांगतो बायांले."

आमच्याकडे बायकाही 'मी सांगतो' म्हणतात. हसू नका.

कॅन तिच्या पाटीशेजारी ठेवला. बायका घरून खोबरेल तेलाच्या रिकाम्या शिश्या आणायच्या, फुलाबाई मापानं भरून द्यायची. लावायचं कसं तेही सांगायची. आधी अंग धुवा, कोरडं करा, मग पातळसं लावा. मी सांगितलेलं तिनं माझ्याहून सोपं करून टाकलं. पहिला कॅन संपला, दुसरा आणला. मी खुशीत. भैयाजीही फोनवर गोड बोलायला लागले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. मी निवांत हिंगणघाट, वडनेरच्या दौऱ्यावर निघालो.

मी तिकडे असताना इकडे घोटाळा झाला.

एक बाई होती, घरी म्हशी असलेली. नाव कशाला? वाईट बाई नव्हती. फुलाबाईचं जुनं गिऱ्हाईक. तिनं शिशी भरून घेतली आणि सवयीनं एक थेंब अंगठ्याच्या नखावर टाकला. दुधाची परीक्षा आमच्याकडे अशीच करतात. चांगलं दूध नखावर थांबतं, पाणी घातलेलं घसरतं. लोशन घसरलं. घसरणारच होतं ना! पण तिनं आयुष्यभर दूध पाहिलेलं. ती भर बाजारात म्हणाली, "यात पानी हाये, फुलाबाई."

फुलाबाईनं नाही म्हटलं. दुसरीनं आपल्या शिशीतला थेंब टाकून पाहिला, तोही घसरला. मग काय, जी ती नख पुढे करायला लागली. कोणीतरी मागून बोललं, भाजीवर मारत नाई ते पानी इकडे जिरवते वाटते. बाया हसल्या. हे सगळं मला नंतर माझ्या बायकोनं सांगितलं. ती तिथेच उभी होती. "तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, मलाच काही समजेना, थेंब तर घसरत होता.

मी बाजारात जाऊन उभा राहिलो. लोशन पातळच असतं, कारखान्यातून असंच येतं, पाणी त्यात असायलाच पाहिजे, नाहीतर अंगात मुरणार कसं? घसा बसेस्तोवर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. वरून 'पाणी असतंच' हे मीच कबूल केल्यासारखं झालं. एक म्हातारी मला म्हणाली, बापा, तू कंपनीचा मानूस, तू तिचीच बाजू घेशीन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी नागपूर गाठलं. भैयाजींना म्हटलं, ताबडतोब सीलबंद बाटल्या द्या. वर छापा की माल पातळ आहे आणि तसाच असतो. कंपनीचं सील दिसलं की त्या बाईवरचा आळ जाईल.

भैयाजींनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे लोकांना गाढा माल पाहिजे," ते म्हणाले.

"लोकांना नाही कळत, भैयाजी. घट्ट केलं तर पुन्हा घामोळ्या."

"गिऱ्हाईक पहिले हात लावते, घामोळ्या नंतर येते. मेण टाका, गाढा करा, बरणीत भरा."

"आणि फुलाबाईचं काय?"

"कोण फुलाबाई?" ते म्हणाले. खरंच आठवत नव्हतं त्यांना.

मी वाद घातला. केमिस्टनंही घातला. पण पगार कोण देतो हे दोघांनाही माहीत होतं. दसऱ्याच्या आधी बरण्या दुकानांत आल्या. नाव तेच, रंग तोच, वासही तोच. फक्त आत मेण. म्हशीवाल्या बाईनं दुकानातच नखावर थेंब घेतला. थेंब ठाण मांडून बसला.

झालं! कंपनीनंच साक्ष दिली. हा बघा असली माल, घट्ट. मग फुलाबाईचा पातळ का? आता मी काय सांगणार होतो? की कंपनीनं असली मालात मेण घालून तो बिघडवला, आणि बिघडलेला तुमच्या हातात आहे? पगार कंपनीचाच घेत होतो. तरी दोन-चार जणींना सांगून पाहिलं. त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या पाहायच्या.

लोशन गेलं ते गेलंच. पण बायका तिची मेथी झटकून घ्यायला लागल्या. कोणी वजन दुसरीच्या काट्यावर पुन्हा करून घ्यायची. कोणी काही बोलत नसे, आणि तेच जास्त वाईट. बोललं तर भांडता तरी येतं. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी दिसली. मी पिपरीला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

ती मला जाम गावच्या चौफुलीवर दिसली, वर्षभरानं. ट्रक आणि एसट्या थांबतात तिथे भुईमुगाच्या ओल्या शेंगा विकत होती. माझ्याजवळ बरण्यांची पेटी होती. पेटी मी पानठेल्यामागे ठेवली आणि मग तिच्यासमोर गेलो. तिनंच आधी विचारपूस केली, बायको बरी आहे का, पोरं बरी आहेत का. मला राहवेना. म्हटलं, फुलाबाई, परत चल. मी बाजार गोळा करतो, केमिस्टला नागपूरहून आणतो, त्याच्या तोंडून सगळ्यांना सांगू.

तिनं शेंगांची पुडी बांधली, एसटीच्या खिडकीत दिली, आणि मग म्हणाली, "नका आनू, भाऊ. घरात सून हाये. सोन्यासारखी पोरगी. तिनंच मले इचारलं, मामी, कोनाले सांगत नाई, पन थोडसंक पानी तं टाकलं होतं ना? आता बाजाराले सांगून काय करू?"

मी पानठेल्यामागून पेटी उचलली आणि एसटी धरली.

ते घट्ट क्रीम कंपनीनं पुढे कित्येक पावसाळे विकलं. दर श्रावणात बायकांच्या माना लाल व्हायच्या आणि दुकानदार आणखी बरण्या मागायचा. मला बढतीही त्याच्यावरच मिळाली. धंद्यात नवीन आलेली पोरं मला विचारतात, सर, आपल्या हवेत कोणतं प्रॉडक्ट द्यावं? मी सांगतो, दमट हवेत पातळ द्या, आणि पातळ असेल तर सीलबंद द्या. सुट्या मालावर कंपनीचं नाव नसतं. विकणाऱ्याचं असतं, आणि ते एकदा गेलं की त्याच्या घरातही परत येत नाही.