रांगोळीने घासलेलं भिंग

विद्यापीठाच्या वेधशाळेचा इतिहास लिहून द्या, म्हणून स्मरणिकेवाले माझ्याकडे आले. मी खरा तो लिहून दिला. छापून आलं की शहरातले दिवे वाढल्यामुळे निरीक्षणं बंद पडली. त्या बिचाऱ्या दिव्यांनी यांचं काय घोडं मारलं होतं कोणास ठाऊक!

वेधशाळा म्हणजे गणित विभागाच्या गच्चीवरचा पत्र्याचा घुमट आणि आत पितळी नळीची जुनी विलायती दुर्बीण. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास माझं पीएच.डी.चं काम तिच्यावरच चालायचं. तेज कमीजास्त होणारे अंधूक तारे पाहायचे, पाहतच राहायचे. बाबा कामठीला यंत्रमागावर होते. भेटेल त्याला सांगायचे, पोरगी आभाळ शिकून राहिली.

त्या वर्षी खंडेनवमीला विभागप्रमुखांनी दुर्बिणीची पूजा काढली. हत्यारांची होते, मग हिची का नको? नळी चिंचेनं घासली, रांगोळीनं उजळली, देवघरातल्या तांब्यासारखी. इथवर ठीक. मग तेच फडकं घेऊन सर भिंगाकडे वळले. मी पुढे होऊन म्हटलं की सर, रांगोळीने काच खरवडेल, तिला मऊ कुंचल्याशिवाय काही लावत नाहीत.

आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुमच्यात पूजा करत नाहीत ना? मग बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. आत आरती झाली, पेढे वाटले. एक मलाही दिला. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या निरीक्षणाला प्रत्येक ताऱ्याभोवती धुकं. भिंगभर बारीक चरे. माझे अंधूक तारे दिसेनातच. चौकशीत ठरलं की घुमटाची किल्ली माझ्याकडे, म्हणून निष्काळजीपणाही माझाच. काम काढून घेतलं. पीएच.डी. अर्धवटच राहिली, मी शाळेत गणित शिकवायला लागले. बाबांनी एकदाच विचारलं, "बाहेर काहून थांबली वं?"

स्मरणिकेच्या प्रकाशनाला दुर्बीण हार घालून मंचावर ठेवली होती, चकचकीत. निवृत्त झालेल्या सरांनी मला वर बोलावलं, वेधशाळेच्या पहिल्या संशोधक म्हणून ओळख करून दिली आणि हळदकुंकवाचं ताट पुढे केलं.

म्हटलं, "आधी हिच्यातून मला माझा एक तारा दाखवा, सर."

सर हसले आणि ताट शेजारच्या बाईंकडे सरकवलं. सगळ्यांची पूजा आटोपेपर्यंत मी मंचावरच उभी राहिले.