दुसऱ्या माणसाचा रकाना

वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला लोक ती बंद पडल्यावरच फोन करतात. चालू असताना कुणी म्हणत नाही, वा, आज छान चालली आहे. वीस वर्षं मी सोलापुरात हाच धंदा करतोय, त्यामुळे माझ्याशी फोनवर बोलणारा माणूस बहुधा चिडलेलाच असतो. पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. वडील गेल्यापासून मात्र घरात बोलायला दुसरं कुणी नाही, आणि एखाद्या रविवारी फोन वाजलाच नाही तर साइटा नीट चालल्याचा आनंद होण्याऐवजी मला एकटं एकटं वाटत राहतं. लग्न मीच केलं नाही, तेव्हा तक्रार करायलाही जागा नाही.

मध्यंतरी एका शिक्षणसंस्थेनं माझ्याकडं आराखडा मागितला. त्यांच्या शाळा-कॉलेजांच्या साइटा चार सर्व्हरवर विभागलेल्या आहेत. त्यातला एक अचानक बंद पडला तर विद्यार्थ्यांची माहिती कुठून परत आणणार, कुठली साइट आधी उभी करणार, किती वेळात, कोण करणार, हे सगळं त्यांना कागदावर हवं होतं. मागणी रास्त होती. मी इतकी वर्षं हे सगळं डोक्यात घेऊनच हिंडत होतो. लिहायला बसलो आणि दोन दिवसांत बहुतेक उरकलं. कुठल्या सर्व्हरची प्रत कुठल्या सर्व्हरवर जाते त्याचा तक्ता केला. प्रवेशाची साइट पहिली, निकालाची दुसरी, स्नेहसंमेलनाचे फोटो सगळ्यात शेवटी, असा क्रम लावला. एका रिकाम्या सर्व्हरवर कालच्या प्रतीवरून एक साइट उभी करूनही बघितली. ती उभी राहिली.

शेवटच्या पानावर एक रकाना उरला. मुख्य व्यक्ती उपलब्ध नसल्यास कुणाशी संपर्क साधावा? तिथं मी रेघ मारून दिली. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मॅडमचा फोन आला.

"सर, तिथं रेघ नाही चालणार. एक नाव लागतंच."

"मी असतो की कायम."

"हो, पण तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा?"

बिचारीनं सरळ विचारलं होतं. मी उगाच चिडलो, सोमवारी देतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. गिऱ्हाइकं, गॅसवाला, वडिलांचे दोन डॉक्टर, नळ दुरुस्त करणारा. ज्याच्या हाती पासवर्ड द्यावेत असा एकच माणूस त्यात होता, आणि त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो.

तो मोडनिंब गावचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो, नंतर धंद्यात एका टेबलावर. गिऱ्हाइकं आणि पानं मी बघायचो, सर्व्हर आणि बॅकअप तो. चादरवाल्यांपासून दवाखान्यांपर्यंत कितीतरी साइटा आम्ही दोघांनी उभ्या केल्या. त्यात एका वधूवर मंडळाची होती. एका सकाळी तिच्या सर्व्हरची डिस्क गेली, आणि दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत बघायला गेलो तर तीही अर्धवट. दोन वर्षं जमवलेली स्थळं, फोटो, पत्रिका, सगळं गेलं. मंडळ चालवणाऱ्या बाई ऑफिसात येऊन बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडायला लागल्या. मला ते बघवेना. मी त्यांच्यासमोरच मित्राला विचारलं, "बॅकअप तूच बघत होतास ना?"

त्यानं एकदा बाईंकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय. माजं चुकलं."

बाई गेल्यावर मी त्याला काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. गावाकडं ढेकळं फोडायची सोडून या कामात कशाला आलास, इथपर्यंत माझी मजल गेली. आठवड्याभरात त्यानं हातातली कामं आवरली, किल्ली टेबलावर ठेवली आणि पुण्याला गेला. मी त्याला थांब म्हणालो नाही.

आता आराखड्यात रोजची प्रत नेमकी कशी घेतली जाते तेही पायरीपायरीनं लिहायचं होतं. ते काम आपोआप करणारी, सर्व्हरला द्यायच्या आज्ञांची फाइल त्याच्या वेळेपासूनची. ती नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी चढवायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून आत कधी डोकावलो नव्हतो. शनिवारी दुपारी पहिल्यांदा उघडली. आमची एक पद्धत होती. कुणी काही बदललं की ओळीशेजारी कारण, तारीख-वेळ आणि आपल्या नावाची अक्षरं टाकायची. चुकलेली ओळ पुसायची नाही, नुसती बंद करून ठेवायची, म्हणजे पुढच्याला कळतं.

मधोमध अशी एक बंद केलेली ओळ होती. शेजारी कारण लिहिलेलं, जागा पुरत नाही, जुनी प्रत आधी काढणे. पुढची अक्षरं माझी होती.

आठवायला वेळ लागला. तो बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला होता. त्या दिवसांत दुसऱ्या सर्व्हरवरची जागा भरली आणि नवी प्रत मावेना. मग मी लहानपणापासून घरात जे बघत आलो तेच केलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की पिंपातलं उरलेलं शिळं पाणी आधी ओतायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. आईच्या हाताखाली हे इतक्या वेळा केलं होतं की जुनी प्रत आधी काढताना मनात काही आलंच नाही. तो परत आल्यावर त्याला सांगायचंही राहिलं असणार. नळ मध्येच गेला तर घरात थेंब उरत नाही, हेही त्याच घरात बघितलेलं, पण ते काही त्या वेळी आठवलं नाही. मंडळाची डिस्क नेमकी नवी प्रत निघत असताना गेली. जुनी मी आधीच ओतून टाकली होती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

त्या बंद ओळीखाली त्याची ओळ होती. आधी नवी प्रत घेणे, उघडून तपासणे, मगच जुनी काढणे. तारीख डिस्क गेली त्याच दिवसाची, आणि वेळ बाई यायच्या तासभर आधीची. म्हणजे त्यानं फाइल उघडून माझी अक्षरं वाचली होती, आणि त्यानंतर तो व्हय म्हणाला होता. नऊ वर्षं माझ्या सगळ्या साइटा त्याच्या त्या ओळीच्या जिवावर सुखरूप होत्या, आणि मी गावभर सांगत होतो की तो गेल्यापासून माझ्याकडं काही हरवलेलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

फोन लावला. नंबर तोच होता.

"बोल," तो म्हणाला. कालच बोलणं झाल्यासारखं.

"ती बॅकअपची फाइल उघडली आज."

त्याच्याकडं मागं कुकरची शिट्टी झाली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुज्या वडलांचं डायलिसिस चालू हुतं. तुला सोलापूर सोडून कुटं जाता येत न्हवतं. बाईस्नी कुणाचं तरी नाव पायजे हुतं. माजं काय, मी पुण्यात नोकरी धरली. तुजं नाव गेलं असतं तर एक तरी गिऱ्हाइक टिकलं असतं का?"

"मी तुला नको नको ते बोललो."

"लई बोललास. ढेकळांचं तेवढं बोलायला नको हुतंस."

मी माफी मागितली. इतक्या उशिरा मागितलेली माफी किती तोकडी पडते ते बोलता बोलताच कळत होतं. तो बरं बरं म्हणाला आणि जेवलास का विचारलं. मग मी त्याला रकान्याचं सांगितलं आणि तिथं तुझं नाव लिहू का, असं विचारलं.

"लिही की. पासवर्ड कुटं ठेवलेत तेवढं सांगून ठेव. मी करीन हितनं."

मला फार बरं वाटलं. त्या भरात मी त्याला सगळा आराखडा ऐकवला. रोजची प्रत आपोआप निघते, आपोआप तपासली जाते, मी महिनाभर बघितलं नाही तरी कुणाला पत्ता लागणार नाही, असं जरा फुशारकीनंच म्हणालो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मर्दा," तो म्हणाला, "मग तुला काय झालं तर मला सांगणार कोण? साइटा तर चालूच ऱ्हात्याल."

मी मॅडमचं नाव घेणार होतो. पण साइट बंद पडल्याशिवाय त्या फोन कशाला करतील? शेजाऱ्यांकडं त्याचा नंबर नाही, माझाही नाही.

"कुणी नाही," मी म्हणालो.