फ्रिजवरचं भाकीत

श्रीरंग गोंधळेकरने आयुष्यात फुटबॉलला एकदाही लाथ मारली नव्हती, पण जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठात फुटबॉलबद्दल शेवटचा शब्द त्याचा असायचा. पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना द्याव्यात, तसाच हा प्रकार. पण काठावरच्या माणसालाही एक मान असतो, आणि श्रीरंगला तो चार वर्षं मिळत होता.

या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्रत्येक संस्थेची आपली फुटबॉल टीम होती आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांची लीग चालायची. मराठी पोरांनी टीमची बारशी केव्हाच उरकली होती: वेल्डिंगवाले, काँक्रीटवाले, ओतकामवाले. श्रीरंग गिअरवाल्यांचा. गिअर दिवसरात्र फिरवत ठेवायचे आणि त्यांचे दात कधी तुटतात याची वाट बघायची, हे त्याचं डॉक्टरेटचं काम. सहावं वर्ष चालू होतं. त्याच्याबरोबर पुण्याहून आलेले सगळे डॉक्टर होऊन नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात आणि कुठे कुठे नोकरीला लागले होते. त्यांच्या नव्या गाड्यांचे फोटो मेलवर आले की श्रीरंग "वा, मस्त!" असं उत्तर पाठवायचा आणि मग दुपारभर कुणाशी बोलायचा नाही.

पण सोमवार त्याचा होता. संस्थेच्या चहाच्या खोलीतल्या फ्रिजवर त्याने चार वर्षांपूर्वी एक मोठा तक्ता चिकटवला होता. जर्मन लोक याला टिपश्पील म्हणतात. शनिवारच्या सामन्यांचे स्कोअर प्रत्येकाने आधीच लिहून ठेवायचे. नेमका स्कोअर बरोबर आला तर तीन गुण, नुसता विजेता बरोबर आला तर एक. ज्याला सगळ्यांत कमी गुण, त्याने सोमवारी केक आणायचा. गुण लाल पेनाने मांडायचे आणि ते लाल पेन श्रीरंगच्या खिशात असायचं. लिहिण्याआधी माणसं त्याच्याकडे यायची. सुलेखा कर्णिक, त्याच्याच संस्थेत डॉक्टरेट करणारी, फटकळ बाई, तीसुद्धा पेन हातात धरून जर्मन ढंगात विचारायची, "आल्झो, श्रीरंग, ओतकामवाल्यांचं काय करू?" प्रोफेसर त्याला 'कुठवर आलं?' एवढंच विचारायचे. 'काय करू?' असं विचारणारी जागा जगात ही एकच होती.

२००७च्या एप्रिलमध्ये हृषिकेश चव्हाण आला. मास्टर्सचा विद्यार्थी, संस्थेत टेस्ट बेंचवर हाताखाली काम करायला घेतलेला. कोल्हापूरचा. आता कोल्हापूरचा माणूस आणि फुटबॉल हे समीकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे पेठांच्या तालमी कुस्तीइतक्याच इरेने फुटबॉल खेळतात. पण श्रीरंग पुण्याचा. त्याने ही गोष्ट मनावर घेतली नाही.

पहिल्याच सोमवारी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवताना वाद पेटला. पहिल्या फेरीत काँक्रीटवाल्यांनी चार गोल मारले होते आणि आता त्यांची गाठ वेल्डिंगवाल्यांशी होती.

"काँक्रीट. डोळे झाकून," श्रीरंग म्हणाला. "पाच वर्षांत वेल्डिंगकडून ते एकदाच हरलेत. माझ्याकडे आकडे आहेत."

"तसं नव्हं, दादा," हृषिकेश अदबीने म्हणाला. "त्यांचा गोली डाव्या गुडघ्यावर भार टाकत नाही. परवा सराव बघितला मी. डावीकडं खाली बॉल गेला की संपलं. वेल्डिंगवाले तीन-शून्य मारतील."

टेबलावर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने श्रीरंग हसला.

वेल्डिंगवाल्यांनी तीनच मारले, खाल्ला एकही नाही. तिन्ही डावीकडून, खालून.

पुढच्या सोमवारी श्रीरंगने हृषिकेशच्या नावापुढे लाल पेनाने तीन लिहिले. नवशिक्याचं नशीब, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यातही पोराला तीन गुण मिळाले. तिसऱ्या आठवड्यात सुलेखा पेन घेऊन उभी राहिली आणि श्रीरंगने घसा साफ केला, तर ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "हृषी, ओतकामवाल्यांचं काय करू रे?"

श्रीरंगच्या पोटात काहीतरी जळलं ते तेव्हा. आपण चार वर्षं खपून बीळ करायचं आणि आयत्या बिळावर हा नागोबा! तक्ता आपला, पेन आपलं, परंपरा आपली, आणि पुजारी हा? बरं, पोरगा उर्मट असता तरी बरं झालं असतं. पण तो यायचा, "दादा, चहा टाकू का?" म्हणायचा, कप विसळून ठेवायचा. अशा माणसाचा राग करणं फार कष्टाचं काम असतं. श्रीरंगने ते कष्ट मनापासून घेतले.

इकडे गिअरवाल्यांची स्वतःची सुरुवात वाईट झाली होती. तीन सामन्यांत दोन पराभव, एक बरोबरी.

"पहिल्या तीन सामन्यांवरून काही ठरत नाही," श्रीरंग म्हणाला. "दोन हजार चारला आपण असेच सुरू झालो होतो, शेवटी चौथे आलो."

"पण दादा, उजव्या बाजूला आपला कोणी पळतच नाही की. आमच्या पेठेत शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल."

सगळे हसले. शेंबड्या पोरालाही कळतं ते आपल्याला कळत नाही, असा त्याचा अर्थ श्रीरंगने लावला. पोराच्या मनात तसं नव्हतं, हेही त्याला कळलं आणि त्यामुळे तो अधिकच चिडला.

मग उजव्या बाजूच्या खेळाडूचा घोटा मुरगळला. टीमचा कप्तान योखेन थेट हृषिकेशकडे गेला आणि शनिवारी ओतकामवाल्यांविरुद्ध खेळशील का, म्हणून विचारलं. तो नाही म्हणतोय होय! लीगचा नियम मात्र कडक होता. यादीत नवं नाव घालायचं तर प्रोफेसरांच्या सहीचा अर्ज गुरुवारी दुपारी बाराच्या आत क्रीडा कार्यालयात पोचला पाहिजे. गिअरवाल्यांचे हे कागद चार वर्षं श्रीरंगच नेऊन देत होता. खेळत नसला तरी टीममध्ये त्याचं म्हणून एवढं एक काम होतं, आणि ते त्याने कधी चुकवलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी हृषिकेशने अर्ज आणून दिला. दोन्ही हातांनी दिला. "दादा, आता तुमच्या हातात."

श्रीरंगने तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तो अर्ज नेणार होता. कार्यालय सायकलने सात मिनिटांवर. दहा वाजता त्याला वाटलं, आधी गिअरच्या तेलाचं तापमान बघून घेऊ. साडेदहाला त्याने ते पुन्हा बघितलं. अकरा वाजता तो टेस्ट बेंचसमोर खुर्ची टाकून बसला आणि गिअर फिरताना बघत राहिला. शनिवारी काय होणार हे त्याला लख्ख दिसत होतं. पोरगा उजवीकडून सुसाट सुटणार, दोन गोल मारणार, योखेन त्याला खांद्यावर घेणार. मग यादी कोण नेतो, तक्ता कोण लिहितो, याला काय अर्थ उरणार होता? पावणेबाराला तो उठला, ड्रॉवर उघडला, अर्जाकडे पाहिलं आणि ड्रॉवर बंद केला. अजूनही वेळ होता. बारा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा वेळ नव्हता. श्रीरंगला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी हायसं वाटलं, हे खरं.

मग तो चहाच्या खोलीत गेला आणि तक्त्यावर आपलं भाकीत लिहिलं: गिअरवाले एक, ओतकामवाले तीन.

"अरे, आपल्याच टीमच्या विरुद्ध?" सुलेखा म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा! हृषी खेळतोय यावेळी, माहितीये ना?"

"मी आकडे बघतो," श्रीरंग म्हणाला. "माणसं नाही."

शनिवारी मैदानावर सपाटून वारा होता. रेफ्री यादी घेऊन एकेक नाव वाचत गेला. यादी संपली. हृषिकेश बूट घालून, मोजे गुडघ्यापर्यंत ओढून उभा होता. त्याचं नाव आलं नाही.

योखेन रेफ्रीशी बोलला. रेफ्रीने कागद उलटा केला, सुलटा केला आणि मान हलवली. यादी म्हणजे यादी. मग योखेन वळून श्रीरंगकडे बघू लागला. त्याच्या नजरेत संशय नव्हता, फक्त प्रश्न होता. काय खोटं बोलावं हे त्याने ठरवलंच नव्हतं.

ती वेळच आली नाही. "माझाच घोटाळा असणार," हृषिकेश जर्मनमध्ये म्हणाला. "अर्ज मी उशिरा दिला. श्रीरंगदादा कधी चुकत नाहीत." आणि बूट न काढताच तो रेषेबाहेर जाऊन बसला. मध्यंतरात त्यानेच सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या.

सामना तसा चुरशीचा झाला. उजवी बाजू मोकळी पडली होती आणि ओतकामवाले तिथूनच घुसत होते. तरी शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा स्कोअर एक-दोन होता आणि गिअरवाले जिवाच्या आकांताने चढाई करत होते. आणि श्रीरंग रेषेवर उभा राहून मनात म्हणत होता, अजून एक. ओतकामवाल्यांनो, अजून एक मारा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, हे त्याने ऐकलं होतं. ती अशी वाऱ्यात मफलर गुंडाळून उभी असतात हे त्याला माहीत नव्हतं. चेंडू तिसऱ्यांदा जाळ्यात गेला आणि त्याचे दोन्ही हात आनंदाने वर जायला निघाले. त्याने ते कसेबसे खिशात कोंबले. खिशात लाल पेन होतं.

सोमवारी चहाची खोली भरली होती. एक-तीन! तो स्कोअर दुसऱ्या कुणीच लिहिला नव्हता. योखेनने पाठ थोपटली. सुलेखा म्हणाली, "मानलं बाबा तुला. म्हातारा सिंह अजून जिवंत आहे." श्रीरंगने स्वतःच्या नावापुढे लाल पेनाने तीन लिहिले. त्या आठवड्यात सगळ्यांत कमी गुण हृषिकेशचे होते, त्यामुळे केक त्याने आणला होता. होस्टेलच्या ओव्हनमध्ये स्वतः भाजलेला रव्याचा केक, वरून खोबरं. पहिला तुकडा त्याने बशीत घालून श्रीरंगपुढे धरला.

"दादा, बाकी काही असू द्या," तो म्हणाला, "पण एक-तीन! मला तर जिंकू असंच वाटत होतं. तुम्हाला कसं कळलं हो?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. पोराला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. खोलीतले सगळे श्रीरंगकडे बघत होते, बोलणं न कळणारे जर्मनसुद्धा. इतके दिवस तो ज्या प्रश्नासाठी झुरत होता तोच हा प्रश्न होता, आणि विचारणाराही तोच, ज्याने विचारावा म्हणून जीव तळमळत होता. श्रीरंगने केकचा घास तोंडात घातला. मग बशी खाली ठेवली.

"मला माहीत होतं," तो मराठीत म्हणाला, "कारण तुझा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी नेलाच नाही."

"विसरलात?" हृषिकेशने विचारलं.

"नाही."

सुलेखाने कप खाली ठेवला. हृषिकेशने हातातल्या सुरीवरचे केकचे कण पुसले. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणतो तो?" योखेनने हसत हसत जर्मनमध्ये विचारलं. "गुपित काय आहे?"

आता हा सांगणार, श्रीरंगला वाटलं. सांगू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

"आकडे, म्हणतात," हृषिकेश म्हणाला. "गेल्या पाच वर्षांचे आकडे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" योखेन म्हणाला आणि त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला.

श्रीरंगने त्याच दुपारी लाल पेन सुलेखाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिने ते संध्याकाळपर्यंत त्याच्या टेबलावर परत आणून ठेवलं. "नाटकं नकोत," एवढंच ती म्हणाली. सुलेखाशिवाय कुणाला काही कळलं नाही. सोमवारची मेन्सा तशीच चालू राहिली, वाद तसेच रंगत राहिले. हृषिकेश पुढच्या शनिवारी खेळला आणि त्याने दोन गोल केले. योखेनने त्याला खांद्यावर घेतलं आणि रेषेवर टाळ्या वाजवताना श्रीरंगच्या पोटात तसंच जळलं, काडीइतकंही कमी नाही. आपली चूक कळली म्हणून मत्सर जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी नीट केलेलाच नसतो.

हृषिकेशने त्याला दादा म्हणणं सोडलं नाही. चहाही टाकायचा, स्कोअर लिहिण्याआधी "तुमचं काय, दादा?" असंही विचारायचा. फक्त कबुलीच्या दुसऱ्या दिवशी तो आला आणि हात पुढे करून म्हणाला, "अर्ज द्या इकडं. मी देऊन येतो." श्रीरंगने ड्रॉवर उघडून अर्ज दिला.

एकदा नाव यादीत लागलं की पुन्हा जायची गरज नसते. तरी पुढच्या गुरुवारी पावणेबाराच्या सुमाराला श्रीरंगला खिडकीतून हृषिकेशची सायकल क्रीडा कार्यालयाच्या रस्त्याला वळताना दिसली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही दिसली. जुलैपर्यंत तो पोरगा दर गुरुवारी जाऊन आपलं नाव यादीत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून येत राहिला.