मूसची बंदूक आणि सांबराचा माग

प्रल्हाददादाने बंदूक घरी आणली, त्या दिवशी वरुणने फोनवर 'मूस' शोधून पाहिला. घोड्याहून उंच, सुपाएवढ्या शिंगांचा, कॅनडा-अलास्काच्या बर्फात राहणारा प्राणी. ऑस्ट्रेलियात एकही नाही.

"मग ही कशाला घेतलीस?"

"झाडीत लांब नळी अडकते," प्रल्हाददादा म्हणाला. "ही नाही अडकत."

मूसचं नाव बॅरीने काढलं होतं. बॅरी म्हणजे वेअरहाउसमधला म्हातारा, दादाचा फोर्कलिफ्टवरचा सोबती आणि शिकारीतला गुरू. बंदूक बघून तो म्हणाला होता, "मेट, हिनं मूस आडवा होतो. तू काय मारणार आहेस, ट्रॅक्टर?"

बंदूक होतीच तशी. आखूड, बुटक्या पैलवानासारखी. गोळी करंगळीपेक्षा जाड. एक बार काढला की दादाचा खांदा दोन दिवस निळा. पण ती जड गोळी जरा लांब गेली की दमायची, खाली यायची. "ही अंगणातली बंदूक," दादा सांगायचा. "परड्यापलीकडं हिचं काही चालत नाही." गॅरेजमध्ये, आट्याच्या पोत्यांशेजारी, लोखंडी कपाटात ती कुलूपबंद असायची.

वरुण त्या घरातला भाडेकरू. मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनाच्या नव्या वस्तीत, एकसारख्या घरांतलं एक घर. वरुणने पुण्यात मराठी घेऊन एम. ए. केलं होतं आणि इथे दुसऱ्या मास्टर्ससाठी आला होता. कोविडमध्ये त्याचा कॅफेतला जॉब गेला. तेव्हापासून दादा भाड्याचा विषय काढत नव्हता आणि वरुण दादाच्या मागेमागे हिंडत होता. माणूस समजत नसला की वरुणला स्वस्थ बसवत नसे. आणि हा माणूस त्याला मुळीच समजत नव्हता.

प्रल्हाददादा शिराळा तालुक्यातला, चांदोलीच्या जंगलाकडेच्या गावचा. कुकरीचा कोर्स करायला मेलबर्नला आला. त्या काळी निम्मी पोरं तेच करायची. कांदा बारीक चिरायला शिकला, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाली, आणि नंतर एकाही हॉटेलच्या किचनमध्ये पाय ठेवला नाही. घरात झुरळ निघालं तर कपाखाली धरून बाहेर सोडून यायचा. मंजिरीवहिनी म्हणायची, "कपसुद्धा मलाच धुवायला लागतो."

त्याचे वडील, आबा, वनरक्षक होते. जन्मभर त्यांनी चोरटे शिकारी पकडले. कुणी सांबराला गोळी घालून पळालं की आबा कुऱ्हाड आणि कंदील घेऊन त्या जखमी जनावराच्या मागावर जायचे. कधीकधी प्रल्हादला बरोबर न्यायचे. आणि त्याच आबांचा मुलगा इथे परवाना काढून सांबर मारायला जात होता. सांबरच! दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी जहाजातून आणलं, आणि आता व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरात ते उदंड झालं होतं.

"तिकडे मारलं तर तुरुंग, इकडे मारलं तर शाबासकी," वरुण एकदा म्हणाला. "दादा, हे तुला पटतं कसं?"

"इथं ते उपरं आहे. रान खाऊन टाकतं."

"म्हणजे आपल्यासारखंच, उपरं."

"आपल्याला व्हिसा आहे," दादा म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

मे महिन्यात आबा गेले. तिकडे कोविडची दुसरी लाट होती. इथून निघायला परवानगी लागत होती, आणि गेलं तर परत कधी येऊ देतील हे कुणी सांगत नव्हतं. चुलतभाऊ गणेशने व्हिडिओ पाठवला. लांबवर एक चिता, शेजारी पांढऱ्या सुटातली दोन माणसं. मागून गणेशचा आवाज, "हेच आबा असावेत, दादा. नंबर तोच सांगितला." दादाने तो व्हिडिओ एकदा पाहिला आणि दुपारच्या शिफ्टला गेला. रडला नाही. दहाव्याला सुट्टी घेतली नाही. वरुणला वाटलं, आता बंदूक तरी बंद होईल. तीही झाली नाही. जुलैत सगळं जरा मोकळं झालं तसा दादा म्हणाला, "येतोस का? थंडी आहे, जॅकेट घे."

डोंगरातली ती दुसरी संध्याकाळ. ओढ्याच्या वर, माणसाएवढ्या नेच्यांच्या झाडीत दोघं दबून बसले होते. समोर दरी. पलीकडच्या उतारावर, उघड्या गवतात, एक सांबर बाहेर आलं. नर होता. मानेवर ओली आयाळ, अंगावरून वाफ निघत होती.

ते लांब होतं. वरुणलासुद्धा कळत होतं की लांब आहे. हे काही अंगण नव्हतं, परडंही नव्हतं. दादा आता नेहमीसारखा मान हलवेल आणि म्हणेल, "जाऊ दे." वरुण त्याच्या मानेकडे बघत राहिला.

दादाने बार काढला.

आवाज दरीत गडगडत फिरला. सांबर खाली बसल्यासारखं झालं, उठलं, आणि तिरकं पळत झाडीत शिरलं.

"लागली?"

"लागली. खाली लागली." दादा कण्हल्यासारखा बोलला. चापाखालची कडी ओढून त्याने रिकामं काडतूस बाहेर काढलं आणि ते तळहातावर धरून बसला.

"पण एवढ्या लांबून का मारलीस?"

"माहीत नाही."

अंधार पडत होता. अंधारात बंदूक घेऊन फिरणं इथे गुन्हा. दोघं तंबूत आडवे झाले. दादा झोपला नाही.

उजाडताच ते पलीकडे गेले. गवतावर रक्त होतं. थोडं, काळपट. दादा खाली वाकून चालत होता. प्रत्येक डागापाशी तो टॉयलेट पेपरचा एक तुकडा फांदीला अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की माग कुठून कुठे गेला ते दिसावं. पेपर तो कंजुषीने, प्रसाद वाटावा तसा फाडत होता. वहिनीने अर्धाच रोल दिला होता. "दुकानात पेपरसाठी पुन्हा मारामारी झाली तर? आणि हा जंगलाला वाटायचा?" असं म्हणून.

पांढरे तुकडे उतारावर आडवे गेले. मग एका आडव्या पडलेल्या खोडापाशी माग संपला. पुढे दगड, पानांचा खच, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. रक्त नाही, खूर नाही.

"पाण्याला गेलं असेल," दादा म्हणाला. "जखमी जनावर पाण्याला जातं. आग पडते त्याच्या अंगाची. आबा थेट पाणवठ्यावर जायचे. तिथंच सापडायचं."

तो ओढ्याकडे उतरला. वरुण मागोमाग. ओढ्याचा एक काठ झाला, मग दुसरा. प्रत्येक डोहात दादा डोकावला. प्रत्येक ओल्या मातीपाशी उकिडवा बसला. खुरांचे ठसे होते, पण जुने, आणि धावत गेलेले एकही नव्हते. दुपार झाली.

"तू वर जा," दादा म्हणाला. "धारेवर रेंज येते. मंजिरीला सांग, जनावर राहिलंय, उशीर होईल."

वरुण धापा टाकत धारेवर चढला. फोन लागला तो वहिनीच्या आवाजासकट.

"कुठे आहात तुम्ही? आज रात्री बारापासून लॉकडाऊन आहे! अख्ख्या व्हिक्टोरियात. पाचवं! सामान आवरा आणि निघा."

"वहिनी, दादाचं जनावर जखमी राहिलंय."

वहिनीचा आवाज एकदम खाली आला. मग, "किती वेळ झाला?"

"कालपासून."

"देवा. त्याला सांग, ये म्हणावं. पोलिसांनी धरलं तर दंड होईल. आणि तुझा व्हिसा तर स्टुडंट आहे रे. तुला कशाला हे निस्तरायचं?"

खाली उतरताना वरुणच्या डोक्यात फक्त तोच शब्द होता. व्हिसा. दंड त्याच्या नावावर चढला तर? फॉर्ममध्ये विचारतात. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि ती वाटूनही भीती गेली नाही.

दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. वरुणने सगळं सांगितलं.

"तू जा," दादा म्हणाला. "गाडी घेऊन जा. उद्या न्यायला ये."

"उद्या येताच येणार नाही! तेच तर सांगतोय. लॉकडाऊन आहे."

"मग राहतो इथंच. भात आहे, डाळ आहे."

"दादा, वेडा झालास का? एका हरणासाठी?"

"हरीण नाही. सांबर."

वरुणला राहवलं नाही. इतक्या आठवड्यांचं जे मनात साठलं होतं ते त्याने एकदाचं बोलून टाकलं. "दादा, हे आबांमुळे चाललंय ना? तुला तेव्हा जाता आलं नाही. म्हणून आता हे सोडून जाववत नाहीये. हो ना?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याने भलताच पत्ता विचारावा, तसं काहीतरी होतं.

"आबांचं काय त्यात? जनावर दुखतंय, वरुण. माझ्या गोळीनं दुखतंय. कालपासून."

आणि तो पुन्हा पाण्यात बघायला लागला.

वरुण दगडावर बसला. एम. ए.ला दोन वर्षं त्याने कथांमधला गर्भितार्थ शोधला होता. इथे तो सापडला असं वाटताच हातातून निसटला होता. बसला होता तो दगड ओला होता. पँट भिजली. बूट सकाळपासून पचपचत होते. मोज्यांत पाणी, बाहीत पाणी, मानेवर झाडांचं टपटपणारं पाणी. उतारावर तर दर चार पावलांवर एक झरा. त्याचा जीव रडकुंडीला आला.

"दादा, पण पाण्यासाठी ते इथेच का येईल?" तो चिडून म्हणाला. "पाणी तर सगळीकडेच आहे!"

दादा वाकलेला होता तो तसाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला. त्याने उताराकडे पाहिलं. नेच्यांवरून ओघळणारं पाणी, शेवाळलेली खोडं, ढगांत बुडालेला वरचा डोंगर.

"आमच्याकडं उन्हाळ्यात एकच डोह राहायचा," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चोरटी शिकारही उन्हाळ्यातच व्हायची. म्हणून डोहावर सापडायचं ते." आणि मग, "मी सकाळपासून चांदोलीत फिरतोय रे."

तो बाहेर आला. बंदूक खांद्यावर घेऊन जवळजवळ पळतच उतार चढायला लागला. शेवटच्या पांढऱ्या तुकड्यापाशी, त्या आडव्या खोडापाशी तो थांबला. सकाळी त्यांनी तिथून फक्त खाली पाहिलं होतं. आता दादाने वर पाहिलं. ब्लॅकबेरीच्या जाळीला खालून एक भोक होतं, जनावरांच्या जाण्यायेण्याने पडलेलं. दादा पोटावर पडून त्यात शिरला. वरुणही शिरला. काट्यांनी कान फाटला. पलीकडे, चढावर, एका पानाच्या खालच्या बाजूला रक्त होतं. वरून पाहणाऱ्याला ते दिसलंच नसतं.

"वर गेलं," दादा कुजबुजला. "जिथं रोज झोपतं, तिथं गेलं. आपल्या जागेवर."

ते फार लांब नव्हतं. सकाळपासून हाकेच्या अंतरावर होतं. एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, पानांत दबलेल्या खळग्यात सांबर बसलं होतं. मान ताठ. मागचा पाय खाली विचित्र दुमडलेला. त्याने दोघांना पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले. मागचे उठले नाहीत. नाकातून वाफ आली. डोळे मोठे, काळे, आणि त्यात काहीच नव्हतं. वरुणने शोधलं, पण विनवणी नव्हती, राग नव्हता.

दादा जवळ गेला. आता मात्र अंतर अंगणाएवढंच होतं.

"कान झाक," तो म्हणाला.

वरुणने कान झाकले. डोळे मिटायचे राहून गेले.

सांबराची मान पानांवर आली, अगदी सावकाश. दादा गुडघ्यावर बसला. हाताच्या मागच्या बाजूने त्याने सांबराच्या डोळ्याला स्पर्श करून पाहिलं. पापणी हलली नाही. मग त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की सकाळपासून त्याने श्वासच घेतला नव्हता असं वरुणला वाटलं.

वरुण त्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. नुकतंच एक जनावर मारलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. तापातलं पोर उतार पडून झोपावं आणि बापाने उशाशी टेकावं, तसा होता. वरुणला हे कुठे बसवावं कळेना. सांबराच्या मानेवरचे केस ओले होते. त्याने हात लावला. ऊब होती. हात मागे घ्यावा की ठेवावा, हेही त्याला कळलं नाही. तो तसाच राहिला.

"बघत काय बसलास? पाय धर," दादा म्हणाला. "उजेड आहे तोवर एक फरा काढू. सगळंच टाकून जाणं बरं नाही."

"मी खात नाही, दादा."

"धरायला सांगतोय, खायला नाही."

वरुणने पाय धरला. जड होता. दादाची सुरी सराईत चालत होती. कुकरीच्या कोर्सचा एवढाच काय तो उपयोग त्याला आजवर झाला असावा.

धारेवर पोचले तेव्हा झाडांचे नुसते आकार उरले होते. फोन एकदम टणटणायला लागले. वहिनीचे मिस्ड कॉल, बॅरीचा मेसेज, सरकारचा मेसेज. दादाचे हात रक्ताने आणि चिखलाने माखलेले. वरुणने फोन लावून त्याच्या कानाशी धरला. त्या शांततेत वहिनीचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. ती रागावणार, हे नक्की होतं. दंड, व्हिसा, बारा वाजता, सगळं बोलणार.

"सापडलं," दादा म्हणाला.

"संपलं?"

"हो."

"बरं," वहिनी म्हणाली. "मग या आता. गाडी वरुणला चालवू दे. तुझा खांदा गेला असेल."

दादाने मान हलवली. फोनमधून ते दिसणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. वरुणने गाडीची किल्ली त्याच्या खिशातून काढून घेतली.